परदेशी पाहुण्याला कवठे महांकाळमध्ये 'मिशन ट्रिप' करता येते का? नियम काय सांगतात?

अमेरिकेत सुट्ट्या लागल्या की अनेक चर्चमधून तरुणांचे गट बाहेर पडतात. दोन-तीन आठवडे एखाद्या गरीब देशात जायचं, शाळेच्या भिंती रंगवायच्या, औषधं वाटायची आणि जमलं तर येशूबद्दल सांगायचं. याला म्हणतात मिशन ट्रिप.

समजा, असा एक गट उद्या सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळला आला, तर त्याला इथं नेमकं काय करता येईल?

हा प्रश्न इथं अगदीच परका नाही. शेजारच्या मिरजेला 'वैद्यकीय पंढरी' म्हणतात, आणि त्याची सुरुवात एका मिशनरीनेच केली. विल्यम वानलेस हा मूळचा कॅनडाचा डॉक्टर. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून तो 1889 साली सांगलीला आला आणि 1894 मध्ये मिरजेत त्याचं हॉस्पिटल उभं राहिलं. आजही लोक त्याला मिशन हॉस्पिटलच म्हणतात. पुढे 1927 साली पंढरपूर-मिरज रेल्वे झाली. कवठे महांकाळ याच मार्गावरचं स्टेशन, त्यामुळे दुष्काळी पट्ट्यातल्या पेशंटला मिरज गाठणं सोपं झालं.

वानलेस धर्मप्रचारासाठीच आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो जवळपास चाळीस वर्षं राहिला. हाताखाली माणसं मिळेनात म्हणून त्याने 1897 मध्ये इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवायला सुरुवात केली. 1928 साली तो परत गेला, तेव्हा ही शिकलेली माणसं मागे होती. सांगलीजवळची वानलेसवाडी त्याच्याच नावाची. दोन आठवड्यांत भिंत रंगवून जाणाऱ्या गटाची याच्याशी तुलनाच होत नाही. भिंत रंगवणारे कवठ्यातही मिळतात की!

आता नियमांकडे येऊ. टुरिस्ट व्हिसावर आलेला परदेशी माणूस चर्चमध्ये जाऊ शकतो, प्रार्थनेला बसू शकतो, प्रवचन ऐकू शकतो. पण स्वतः प्रवचन देणं, धार्मिक पत्रकं वाटणं किंवा धर्मांतरासाठी प्रयत्न करणं चालत नाही. मिशनरी कामासाठी वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. व्हिसाच्या अटी मोडल्या तर 2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

मग आरोग्य शिबिर? परदेशी डॉक्टरला इथं पेशंट तपासायचे असतील तर आधी तात्पुरती नोंदणी करून परवानगी घ्यावी लागते. डिग्री कुठल्याही मोठ्या विद्यापीठाची असो, बॅगेतून स्टेथोस्कोप काढला आणि सुरू झालं, असं होत नाही.

पैशाचंही तसंच. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही देणगी आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होते आणि एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने पैसे आणून तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायचे, हा जुना मार्ग बंद झाला.

राज्यघटनेचं 25 वं कलम धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देतं ना? देतं. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, प्रचार म्हणजे आपली मतं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही.

या सगळ्यात खरी जोखीम कुणाची, हेही बघायला हवं. 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात धर्मांतराच्या आरोपांवरून वातावरण तापलं होतं, मोर्चे निघाले होते. अशा वेळी पाहुण्याने टुरिस्ट व्हिसावर भाषण ठोकलं, तर त्याला शिक्षा होऊ शकते किंवा त्याची रवानगी मायदेशी होऊ शकते. पण त्याला बोलावणारी चार ख्रिस्ती घरं इथंच राहतात. पोलीस ठाण्याच्या चकरा त्यांनाच माराव्या लागतात आणि शेजाऱ्यांच्या नजराही त्यांनाच झेलाव्या लागतात.

यात एक गोष्ट बऱ्याच मराठी कुटुंबांना माहीत नसते. परदेशात स्थायिक झालेल्या ज्या नातेवाइकांकडे ओसीआय कार्ड आहे, त्यांनाही मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते; मार्च 2021 च्या अधिसूचनेत तसं नमूद आहे. त्यामुळे न्यू जर्सीचा नातू नाताळला आजीकडे आला, तर चर्चमध्ये बाकावर बसून गाणी म्हणायला त्याला कुणाची ना नाही. प्रवचनाला उभं राहायचं असेल, तर मात्र तिकीट काढण्याआधी परवानगीचा अर्ज करावा लागेल.