प्रार्थनेतील अनेकवचन

येशू ख्रिस्ताने शिष्यांस शिकविलेली प्रार्थना ख्रिस्ती मंदिरांतून नित्य म्हटली जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिच्या पाठात ‘माझा’ हा शब्द एकदाही येत नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराधही आमचेच. दार लावून एकांतात प्रार्थना करा, असे ज्याने त्याच अध्यायात सांगितले, त्यानेच एकट्याच्या मुखीही हे अनेकवचन घातले. म्हणजे दार लाविले तरी शेजारी बाहेर राहत नाही.

ही कल्पना आमच्या वाचकांस परकी वाटण्याचे कारण नाही. वारकरी विठ्ठलास माऊली म्हणतात. काष्टी ज्या तालुक्यात आहे, त्या श्रीगोंद्यासच ‘योगसंग्राम’कार शेख महंमद होऊन गेले, जन्माने मुसलमान असलेल्या या संतास सर्वांनी आपले मानिले. जोतीराव फुल्यांनी सर्व स्त्रीपुरुषांस एका निर्मिकाची लेकरे ठरविले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्तास हाक मारिली ती माऊली म्हणूनच.

परंतु बाप एक मानणे सोपे; भाऊ मानणे कठीण. १८३१ साली अमेरिकन मिशन नगरास आले. गावकुसाबाहेरच्या पुष्कळ कुटुंबांस तेथे प्रथमच कोणी लेकरू म्हटले. असे असूनही जात अनेक ठिकाणी ख्रिस्तमंदिराच्या दारात सुटली नाही. सोयरीक जुळविताना ती पुन्हा आठवतेच. इतरांनीही यावर हसू नये. १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे. तथापि याच जिल्ह्यात २०१३ साली सोनईस व २०१४ साली खर्ड्यास दलित तरुणांची हत्या झाली. तेथेही माऊलीचा गजर होतच होता!

कोणी म्हणेल, ही धर्मांतराची वकिली आहे. ती नव्हे. ज्याने त्याने आपल्याच प्रार्थनेतील शब्दाचा अर्थ पाळावा, इतकेच आमचे मागणे आहे.

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे गिऱ्हाईक बैलाचे दात, खूर व चाल पाहते; धन्याची जात पाहून बैलाची किंमत ठरत नाही. शनिवारी व्यवहारात जी समता चालते, ती रविवारी घर भाड्याने देताना, पंगत मांडताना वा स्मशानाची जागा ठरविताना कोठे जाते?

व्यापारी बंधूंस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मत्तयाने त्या प्रार्थनेत क्षमेसाठी जो शब्द योजिला, तो ऋणाचा आहे: आम्ही आपल्या ऋणकऱ्यांस सोडतो तसे तू आम्हांस सोड. खतावणी ठेवणाऱ्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ज्याच्या नावे आपण जातीची बाकी पिढ्यान्‌पिढ्या ओढीत आलो, त्याचे खाते प्रथम बंद करावे. मगच बापापुढे हात जोडावे.