चंद्रकोर कोणाची?

सणासुदीच्या दिवसांत कोणाच्या तोंडची गोड गोष्ट काढून घेऊ नये, हे मला कळते. तरीही एका गोड गोष्टीशी मला भांडायचे आहे. गोष्ट आयर्लंडमधल्या ड्रॉहेडा गावाची, आणि ती ऐकून ज्याचा गळा दाटला नाही असा माणूस विरळा.

1847 साली आयर्लंडात भीषण दुष्काळ होता. तुर्कस्तानचा सुलतान अब्दुलमजीद याने म्हणे दहा हजार पौंड द्यायचे मनात आणले. पण व्हिक्टोरिया राणीने दिले होते दोनच हजार. राणीपेक्षा जास्त देणे शिष्टाचाराला सोडून, म्हणून सुलतानाला आपला आकडा एक हजारावर आणावा लागला. तेव्हा त्याने गुपचूप धान्याची तीन जहाजे बॉइन नदीवाटे ड्रॉहेडाला धाडली, आणि कृतज्ञ गावकऱ्यांनी तुर्कांची चंद्रकोर आणि चांदणी आपल्या नगरचिन्हावर चढवली! 2010 साली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीज यांनी तुर्कस्तानच्या दौऱ्यात या चंद्रकोरीची हीच कुळकथा सांगितली. मग तुम्हाआम्हाला कोण दोष देणार?

यातले हजार पौंड खरे. आयर्लंडच्या प्रतिष्ठितांनी सह्या करून पाठवलेले आभारपत्र तुर्कस्तानच्या दप्तरात आजही आहे. जहाजांविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. चंद्रकोर मात्र दुष्काळाच्या कित्येक शतके आधीची. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच्या राजमुद्रेवर चंद्रकोर व तारा होता. त्याचा भाऊ जॉन याने तेराव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडात पाडलेल्या नाण्यांवरही ही जोडी दिसते. जॉन 1210 साली जातीने आयर्लंडात आला होता, आणि ड्रॉहेडाच्या चिन्हाचा धागा जाणकार त्याच्यापाशीच नेतात. उस्मानी घराण्याचा उदय झाला 1299च्या सुमारास! ज्या घराण्याचा पाळणाही हलला नव्हता, त्याच्याकडून चिन्ह उसने घ्यायचे कसे?

यावर मला सांगण्यात येते, "असेना का खोटी! दोन धर्मांची, दोन देशांची माणसे तिच्यामुळे जवळ येतात ना?" युक्तिवाद वरवर सोज्ज्वळ आहे, पण मला तो मान्य नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला बखरीपेक्षा अस्सल कागदावर विसंबायला शिकवले. इथे अस्सल कागद हाताशी असताना बनावट दाखला जोडायचा कशाला? उद्या चंद्रकोर जुनी ठरली की ऐकणारा म्हणेल, हजार पौंडही थापच असेल. खोट्या दागिन्यामुळे खऱ्यावरचा विश्वास उडतो, तो असा.

याहून मोठा अपराध वेगळाच आहे. चंद्रकोर चिन्हाच्या माथ्यावर आहे. तिच्याखालच्या ढालीवर काय आहे ते कोणी पाहते का? तिथे सेंट लॉरेन्सची जुनी वेस आहे. वेशीच्या एका अंगाने तीन सिंह, दुसऱ्या अंगाने एक जहाज बाहेर पडते आहे. खाली लॅटिन ब्रीद आहे : देव आमचा आधार, व्यापार आमचे भूषण. दुष्काळात आयर्लंडची सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्याहूनही अधिक देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयरिश बंदरांतून धान्य आणि गुरेढोरे इंग्लंडकडे रवाना होत होती. ड्रॉहेडा हे त्यांतलेच एक बंदर. व्यापार चालू होता. त्याच्या भूषणाविषयी ज्याने त्याने काय ते ठरवावे! आत आलेल्या तीन जहाजांची कथा रंगवून सांगताना बाहेर गेलेल्या जहाजांचा हिशेब आपण विसरतो. गोड गोष्टीचा मला राग येतो तो इथे.

कृतज्ञतेला इतिहासाची मोडतोड लागत नाही. 1831पासून आपल्या भूमीवरून हुसकावल्या गेलेल्या अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी 1847 साली आयर्लंडसाठी 170 डॉलर जमवले. त्यांची आठवण म्हणून मिडल्टन गावात पोलादी पिसांचे एक शिल्प उभारले गेले. 2017 साली त्याचे अनावरण झाले. नवे शिल्प, नवी तारीख, लपवाछपवी नाही. खुद्द ड्रॉहेडानेही 1995 साली फलक लावून तुर्की जनतेचे आभार मानलेच की! आणि त्या दुष्काळात कलकत्त्याहून व मुंबईहूनही मदत गेली होती. तिच्यासाठी कोणाच्या ढालीवर काही कोरल्याची कथा रचावी असे आपल्याला कधी वाटले नाही. मदत तेवढ्याने लहान झाली का?

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाभोवती मुले जमली की त्यांना ही गोष्ट जरूर सांगा, पण पुरती सांगा. सुलतानाचे हजार पौंड सांगा, चंद्रकोरीचे खरे वय सांगा, आणि मग ढालीवरच्या त्या जहाजावर बोट ठेवा. ते कुठे आणि काय घेऊन निघाले आहे, असे एखादे चौकस पोर विचारीलच. त्याला उत्तर द्या.