समुद्र महाडपासून दूर नाही

सागरी सुरक्षेचा विषय निघाला की महाड-पोलादपूरकडच्या माणसाला तो मुंबईचा, फार तर श्रीवर्धन-मुरुडचा प्रश्न वाटतो. ही समजूत घातक आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. याच जलमार्गाने एकेकाळी महाडचा व्यापार चाले. जिथून माल येत असे, तिथून शत्रूही येऊ शकतो.

लहान नौका मोठ्या जहाजाला भारी पडते, हे जगाला शिकवावे ते महाराष्ट्रानेच. रायगडावरून राज्य करणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराने १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी झुंज दिली. वल्ह्यांनी चालणारी, उथळ पाण्यात फिरणारी मराठी गलबते इंग्रजांच्या अवजड जहाजांना पुरून उरली. त्यांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले.

आज हेच तंत्र दहशतवाद्यांनी उचलले आहे. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात इंधन घेत असलेल्या ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेला स्फोटकांनी भरलेली एक लहान नौका येऊन भिडली आणि १७ नौसैनिक प्राणास मुकले. दूरवरचे लक्ष्य भेदणारी क्षेपणास्त्रे कुचकामी ठरली. कारण शत्रू शत्रूसारखा दिसतच नव्हता.

म्हणून युद्धनौकेचे संरक्षण टप्प्याटप्प्याने उभे केलेले असते. प्रथम रडार व दुर्बिणींनी टेहळणी, मग ध्वनिक्षेपकावरून इशारा, त्यानंतर इशाऱ्याचा गोळीबार आणि अखेरीस मशीनगन व जलदमारा तोफा. खुल्या समुद्रात जहाज वेगाने वळून अंतर राखू शकते. बंदरात नांगरलेल्या जहाजाला तीही सोय नसते. त्यासाठीच भारतीय नौदलाने २००९ मध्ये सागर प्रहरी बल उभारले. सुमारे १००० जवान आणि ८० वेगवान नौका अशी त्याची योजना होती.

परंतु शेकडो मच्छीमार नौकांतून घातकी नौका ओळखायची कशी? खरी अडचण येथे आहे, आणि तिचे उत्तर जहाजावर नसून किनाऱ्यावर आहे. १९९३ मध्ये याच रायगड जिल्ह्यात शेखाडीला स्फोटके उतरली. लाचेला विकल्या गेलेल्या सीमाशुल्क व पोलीस कर्मचाऱ्यांनी त्यांना वाट दिली, हे न्यायालयात सिद्ध झाले. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ निरपराधांचे बळी गेले. २००८ मध्ये ‘कुबेर’ या भारतीय नौकेचाच बुरखा पांघरून दहा मारेकरी मुंबईपर्यंत आले. दोन्ही वेळी युद्धनौका होत्याच. जागे डोळे नव्हते.

ऑगस्ट २०२२ मध्ये सावित्रीच्या मुखाशी, हरिहरेश्वरला, तीन एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका लागली. ती ओमानकडून वाहत आल्याचे व घातपाताचा संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. पण ती किनाऱ्याला लागेपर्यंत कोणालाही अडवता आली नाही, हा इशारा पुरेसा आहे.

फौजी आंबवडेसारखे सैनिकांचे गाव ज्या तालुक्यात आहे, त्याला राष्ट्ररक्षण नव्याने शिकवायला नको. शासनाने सागरी पोलिसांच्या नौका कागदावर न ठेवता पाण्यात ठेवाव्यात; कोळी बांधवांना सुरक्षेचे सहकारी मानावे; आणि खाडीकाठच्या प्रत्येक गावाने अनोळखी हालचालीची खबर तत्काळ द्यावी. युद्धनौकेच्या संरक्षणाचा पहिला टप्पा तिच्या तोफेपाशी नव्हे, सावित्रीच्या काठी सुरू होतो.