पाहणे आणि वाचणे

चित्रपट पाहणे ही करमणूक आणि साहित्य वाचणे ही साधना, हा भेद मराठी समीक्षेने निमूटपणे जपला आहे. तो खोटा आहे. काशीच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरातील रसिकाने सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (१९५६) पाहावा. घाटाच्या पायऱ्या, पोथी सांगणारा हरिहर, त्याच्या अखेरच्या क्षणी उडालेली कबुतरे, हे सारे त्याच्या परिचयाचे. परंतु चौकात वरून झिरपणारा तो मंद उजेड? ते घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेले. वर पांढरे कापड ताणून, त्यावरून दिव्यांचा प्रकाश परावर्तित करून सुब्रत मित्र यांनी तेथे आकाश निर्माण केले. त्या उजेडाची खरी पारख वाड्यात वाढलेल्या डोळ्यालाच व्हायची. अशा पाहण्याला 'वैयक्तिक आवड' म्हणून बाजूस सारणे हा निव्वळ बौद्धिक आळस होय. शास्त्र्यांच्या घरातले दादासाहेब फाळके ख्रिस्तचरित्राचा चित्रपट मुंबईत पुनःपुन्हा पाहत होते, तेव्हा तेही केवळ प्रेक्षकच होते. पुढे चित्रव्यवसायाला विटून ते काशीस गेले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. ते नाटक तेवढे वाङ्मय. त्यामागचे पाहणे मात्र छंद!