तुमचा हिरवा, माझा हिरवा

दिवाळीच्या खरेदीत सर्वांत जास्त वेळ कशात जात असेल, तर तो रंगांच्या नावांत. दुकानदार म्हणतो, ‘आनंदी’. वहिनी म्हणतात, ‘छे हो, हा तर चिंतामणी!’ आणि पिशव्या सांभाळीत मागे उभे असलेले भाऊसाहेब विचारतात, ‘पण शेवटी निळाच ना?’ यावर वहिनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिलाही मराठीत एखादा रंग असायला हवा होता. नाही तरी या बाबतीत आपली भाषा भलतीच श्रीमंत आहे. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, वांगी, श्रीखंडी, पारवा, अबोली. अर्धी मंडई आणि एकदोन पक्षी आपण लुगड्यांवर आणून बसवले आहेत.

पण दोघींनी एकच नाव घेतले, म्हणून दोघींना दिसते तेही एकच, हे कशावरून?

ही शंका आजची नव्हे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० साली ती मांडून ठेवली आहे, आणि त्याने उदाहरण घेतले ते फुलांचेच. आपल्या झेंडूला इंग्रजीत जे नाव आहे ते मेरिगोल्ड आणि दुसरे जांभळे व्हायोलेट. त्याचे म्हणणे असे : एकाला व्हायोलेट पाहून मनात जे उमटते, तेच दुसऱ्याला मेरिगोल्ड पाहून उमटत असेल, तर ते कळणार कसे? दोघेही लहानपणापासून ऐकलेलेच नाव घेणार. तोरणाला झेंडू आण म्हटले की दोघेही झेंडूच आणणार. व्यवहार कुठेच अडत नाही, आणि म्हणूनच उलगडाही होत नाही.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला यात एक धोका लगेच दिसतो. शब्दावरून डोळ्याची परीक्षा करण्याचा मोह होतो. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या महाकाव्यांत रंगांचे शब्द फार थोडे आणि निळ्याचा तर जवळजवळ पत्ताच नाही, हे पाहून त्यांनी ठरवले की प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच कच्ची असावी. आता असा एखादा ग्लॅडस्टन आपल्या स्वयंपाकघरात शिरला तर? तांबडा भोपळा कापून पाहा, आत स्वच्छ नारिंगी. काळा मसाला तपकिरी. विठ्ठलाला आपण सावळा म्हणतो, आणि तोच सावळा श्रीकृष्ण भिंतीवरच्या कॅलेंडरात निळा रंगवतो. मराठी माणसाला चार रंगसुद्धा धड ओळखता येत नाहीत, असे अनुमान काढून तो गृहस्थ मोकळा झाला असता!

अर्थात शब्दाचा डोळ्यावर काहीच परिणाम होत नाही, असेही नाही. रशियन भाषेत फिकट निळ्याला आणि गडद निळ्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांच्या सीमेवरच्या छटा रशियन लोक किंचित लवकर वेगळ्या ओळखतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. पण हा फरक क्षणाच्या अंशाचा. मोठा फरक आहे तो डोळ्यात.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांना शंकुपेशी म्हणतात. या तिन्हींनी पाठवलेल्या निरोपांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. पडद्याच्या पुढे असते भिंग, आणि ते वयाबरोबर पिवळसर होत जाते. आमच्या सासूबाईंच्या एका डोळ्याच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पट्टी निघाल्यावर त्या आधी एक डोळा झाकत, मग दुसरा, आणि सारख्या भिंतीकडे पाहत. नव्या डोळ्याला भिंत पांढरी, थोडी निळसरच. जुन्याला तीच भिंत चहा सांडल्यासारखी. ‘‘इतकी वर्षं मला हे असं दिसत होतं, आणि मला कळलंसुद्धा नाही गं!’’ असे त्या दिवसातून चारदा म्हणत. दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहता येत नाही, हे खरे. पण दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होईपर्यंतचा महिनाभर त्यांच्याजवळ दोन माणसांचे डोळे होते. दोन्हींत फरक आहे, असे त्या छातीठोकपणे सांगू शकत होत्या. एवढे भाग्य लॉकला लाभले नव्हते.

तुलनेला दुसरा डोळा मिळाला नाही, तर काय होते? जॉन डाल्टन हे नाव आपण शाळेत अणुसिद्धांताबरोबर शिकलो. १७९२ साली त्यांच्या ध्यानात आले की जिरॅनियमचे फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे दिसते आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबूस. त्यांनी इतरांना विचारले. इतरांना असा पालट दिसेना. दिसला तो फक्त त्यांच्या सख्ख्या भावाला. विशी ओलांडलेल्या हुशार माणसाला आपली दृष्टी वेगळी आहे हे तोवर उमजले नव्हते, ते एका फुलाने उमजले. १७९४ साली त्यांनी यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्राव निळा असावा, असा त्यांचा तर्क होता, आणि मृत्यूनंतर डोळे काढून तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये ते वारल्यावर तपासणी झाली. द्राव नितळ निघाला. डोळे मात्र जपून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी, १९९५ साली, त्यातल्या जनुकांची परीक्षा झाली, तेव्हा कळले की तीनांपैकी हिरव्या भागाला जागणारी पेशीच त्यांना नव्हती.

हे सारे आठवायचे कारण आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी. लहानपणापासून त्याला इंजिन चालवायचे होते. दोन वर्षे अभ्यास करून तो लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला, आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचे पुस्तक पुढे आले. टोकिओच्या शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेले हे तक्ते : रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एक आकडा लपलेला असतो. याला तो दिसला नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी घराला पहिल्यांदा कळले की मुलाचा लाल आणि हिरवा आपल्यासारखा नाही.

इंजिनचालकाला ही अट असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. सिग्नलच्या दिव्यात चूक चालत नाही. पण जिथे सिग्नल नाही, तिथेही दार लावून घेण्याची आपली खोड आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-संकलनासाठी निवड होऊनही एका उमेदवाराला याच कारणाने प्रवेश नाकारला गेला होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी काढायला सांगितली. वाहनाच्या परवान्याचा नियमही २०२० साली सौम्य आणि मध्यम दोष असणाऱ्यांसाठी सैल झाला.

घरात काय झाले, ते मात्र न्यायालयापर्यंत जात नाही. मुलाची आजी पहिले वाक्य बोलली, ‘‘आमच्याकडे असलं कुणाला नाही.’’ शास्त्राच्या दृष्टीने म्हातारीचे बरोबर होते. लाल-हिरव्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला ते एकच मिळते आणि ते आईकडून. म्हणून हा वारसा बहुधा आईच्या वडिलांकडून नातवाकडे येतो, आणि मधल्या मुलीला सगळे रंग स्वच्छ दिसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांत सुमारे आठजण असे असतात. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी. पण वारसा सांगणे वेगळे आणि बोल लावणे वेगळे. याच मुलाचे घारे डोळे आईच्या माहेरचे, त्याबद्दल बारशापासून कौतुकच चालले होते!

आई माझ्याकडे येऊन रडली. बोलता बोलता तिला आठवले की तिच्या वडिलांना टोमॅटो आणायला कधी पाठवत नसत. ते निम्मे कच्चे आणीत. ‘‘आम्ही फार हसायचो हो त्यांना. धांदरट म्हणायचो.’’ म्हणजे घराला ही गोष्ट चाळीस वर्षे माहीत होती, फक्त तिला नाव धांदरटपणाचे होते.

मुलगा शाळेत नकाशे कसे रंगवीत असे, हेही मग बाहेर आले. खडूंवरचे कागद तो फाटू देत नसे. त्यांवर नावे असत. मुले हे असे निभावून नेतात आणि आपण त्यांना व्यवस्थित म्हणतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते ठिपक्यांचे पुस्तक पाच मिनिटांत पाहून होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते दाखवायला काय हरकत आहे? बाविसाव्या वर्षी जे स्वप्न मोडते, ते नवव्या वर्षी नुसते वळवता येते.

त्या बाईंनी धाकट्याला गेल्या महिन्यात दाखवून आणले. त्याला सगळे आकडे वाचता आले. थोरला आता हिशेबनीसाच्या परीक्षेला बसतो आहे. तो शेजारीच उभा होता. म्हणाला, ‘‘चला, टोमॅटोचा प्रश्न सुटला.’’ आई हसली का रडली, ते मला नीट सांगता येत नाही.