निर्णय घेणाऱ्यांसाठी थोडेसे

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत नेतृत्वाविषयी एखादा तरी लेख असतोच, आणि त्यात धैर्य, चारित्र्य, दूरदृष्टी इत्यादी गुणांचा गौरव असतो. त्या गुणांविषयी आमचा वाद नाही. परंतु धान्याच्या घाऊक पेठेत चार तपे काढल्यावर आमचे असे मत झाले आहे की, पुढाऱ्याचा निर्णय बिघडतो तो बहुधा गुणांच्या अभावी नव्हे, तर निर्णयापूर्वी करावयाची काही साधी कामे न केल्यामुळे. याचे दाखले शोधण्यास आपल्याच धंद्याचा इतिहास पुरेसा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर नियंत्रणे आली व शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या डिसेंबरात, महात्मा गांधींचा आग्रह लक्षात घेऊन सरकारने ती क्रमाक्रमाने उठविण्याचे ठरविले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या अध्यक्षतेखालील धान्यधोरण समितीचाही कौल त्याच बाजूस होता. हेतू निर्मळ, सल्ला देणारे जाणते; तरीही भाव भराभर चढले आणि १९४८ संपण्यापूर्वीच नियंत्रणे पुन्हा आणण्याचे ठरवावे लागले. पुढे १९५२ च्या जूनमध्ये मद्रासचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी आपल्या राज्यापुरता तोच निर्णय पुन्हा घेतला. केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवाई यांनी त्यास पाठबळ दिले, आणि १९५४ पर्यंत देशभर धान्याची नियंत्रणे सैल झाली. या खेपेस पेठा शांत राहिल्या.

निर्णय एकच, फळ मात्र निराळे. आमच्या वडिलांच्या पिढीतील व्यापारी याचे सारे श्रेय किडवाईंच्या धडाडीस देत असत. धडाडी होतीच, पण ती अर्धीच गोष्ट झाली. १९४७ साली सरकारी साठा तुटपुंजा होता, भाव चढू लागल्यावर पेठेत ओतावयास माल नव्हता. १९५२ साली, अमेरिकेने आदल्या वर्षी गव्हासाठी दिलेल्या कर्जामुळे व इतर आयातीमुळे, कोठारांत धान्य होते. शिवाय पुढच्याच वर्षी पीकपाणी उत्तम झाले. ज्या निर्णयास पावसाने हात दिला त्याचे सगळे श्रेय निर्णय घेणाऱ्याने घेऊ नये, आणि पावसाने दगा दिला म्हणून त्यास कोणी मूर्खही ठरवू नये. पाहावयाचे ते इतकेच, की निर्णय घेतेवेळी त्याने कोठारात डोकावून पाहिले होते की नाही. आपण माल घेताना पोत्याच्या तोंडाशी असलेले मूठभर दाणे पाहून सौदा करीत नाही, तळापर्यंत सळई घालतो. सभेत बसल्यावर हीच सवय आपण का विसरतो, हे आम्हांस कोडे आहे.

तिसरा प्रसंग १९७३ चा. त्या वेळी आम्ही शाळेत होतो, पण पेढीवरची चर्चा कानावर पडत असे. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने देश पोळलेला होता, आणि साठेबाजीचा आरोप व्यापाऱ्यांवर होता. (त्यांतील काही आरोप खरे होते, हे आपण आपसांत तरी मान्य करावे.) एप्रिलमध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. खरेदीचा भाव क्विंटलला ७६ रुपये ठरला. बाहेर त्याहून अधिक मिळत असल्याने शेतकऱ्याने माल घरातच ठेवला, आणि ८१ लाख टनांचे लक्ष्य असता सुमारे ४५ लाख टनच हाती लागले. गावोगावचा माल उचलण्याची यंत्रणा एका हंगामात उभी राहत नाही, हे कोणाही अडत्याने सांगितले असते. पण ज्याच्यावर राग आहे त्याचा सल्ला कोण घेतो?

१९७४ च्या मार्चमध्ये ती योजना मागे घेण्यात आली. परवानाधारक व्यापाऱ्यांनी गहू घ्यावा, त्यातील निम्मा १०५ रुपये भावाने सरकारास द्यावा, असे ठरले. आपला वर्ग या घटनेकडे केवळ आपला विजय म्हणून पाहत आला. आम्हांस त्यात दुसरेच काही दिसते. चुकीचा निर्णय एका वर्षात मागे घेतला गेला, आणि तो घेणाऱ्यांची सत्ता त्यामुळे गेली नाही. आपल्या संघांत मात्र एकदा टाळ्यांच्या गजरात ठराव झाला की तो तोट्याचा ठरला तरी वर्षानुवर्षे तसाच ओढला जातो. कारण तो बदलणे म्हणजे अध्यक्षमहाशयांचा अवमान, अशी समजूत आहे.

२०२२ च्या जुलैचे उदाहरण घ्यावे. त्या महिन्याच्या १८ तारखेपासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या व लेबल लावलेल्या धान्याच्या पिशव्यांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. तत्पूर्वी अनेक पेठांनी बंद पाळला. बंद योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. एक दिवस पेढी न उघडल्याने आमच्यासारख्यांचे फारसे बिघडत नाही. हमालाची त्या दिवसाची मजुरी जाते, आणि उसनवारीवर माल नेणाऱ्या खेड्यातील दुकानदाराची फेरी फुकट जाते. अशा ठरावापूर्वी किती सभांत या दोघांस विचारले गेले असेल? अनेकांताचा उच्चार आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ होतो, परंतु मोठ्या पेढीचे मालक आधी बोलले की मागील रांगेतील माणूस आपले मत गिळून टाकतो. यावर उपाय सोपा आहे: सर्वांत लहान दुकानदाराने सर्वांत आधी बोलावे, व अध्यक्षांनी आपले मत अखेरीस सांगावे.

नव्या कार्यकारिणीस आमची आणखी एक सूचना आहे. इतिवृत्ताच्या वहीत ठरावाखाली तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या माहितीवर हे ठरविले, यातून काय होईल अशी अपेक्षा आहे, आणि कोणत्या तारखेस याचा फेरविचार व्हावयाचा. ज्याचे मत विरुद्ध पडले त्याचे नाव त्याच्या कारणासह नोंदवावे. त्यात त्याची शोभा आहे, बदनामी नाही. यामुळे संघ दुबळा दिसेल, असे एका स्नेह्याने आम्हांस ऐकविले. पण रोजकीर्दीत जमा व नावे दोन्ही लिहिणाऱ्या पेढीस कोणी दुबळी म्हणत नाही. पानाच्या उजवीकडे एक रकाना कोरा सोडावा. ठरलेल्या तारखेस, प्रत्यक्षात जे घडले ते, त्या वेळी जो कोणी चिटणीस असेल त्याने तेथे भरावे.