टिंबाएवढी गोष्ट

मी सकाळच्या शाळेत इंग्रजीचे तास घेते. परवा चाचणीच्या वह्या तपासताना एका मुलीचा अर्धा गुण कापला. का, तर तिने अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी बसणारा तो स्वल्पविराम, चुकीच्या जागी दिला होता. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीने विचारलं, "त्याने काय बिघडतं गं आई?" मला चटकन उत्तर सुचेना.

खरंच, काय बिघडतं? आपल्या सोलापुरात 'लेडीज टेलर'च्या पाटीवर हे चिन्ह कोण शोधतं? ब्लाऊज शिवायला निघालेली बाई त्यावाचून वाट चुकल्याचं मी तरी ऐकलं नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनेच २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवर ते न देण्याचं ठरवलं.

आपण तरी कुठे सगळं सांभाळलं? माझ्या आजीच्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'घरें' असायचं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. आजीला नवी अक्षरं ओकीबोकी वाटायची, पण अर्थ काही अडला नाही.

मात्र सगळीच टिंबं अशी बिनकामाची नसतात. 'मुलाचा डबा' आणि 'मुलांचा डबा' यांत फरक टिंबाएवढाच. पण एक डबा एकट्याचा, दुसरा सगळ्यांचा. आपल्याला तो कानाला कळतो. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'बॉइज'च ऐकू येतं. फरक फक्त त्या चिन्हाने कळतो. मग मुलं चुकली तर नवल काय?

आता माझीच फजिती ऐका. गेल्या महिन्यात शाळेला निघताना सासूबाईंसाठी घाईत चिठ्ठी ठेवली: 'मामंजींची गोळी सकाळी नको दुपारी'. मला म्हणायचं होतं, 'सकाळी नको, दुपारी'. त्यांनी वाचलं, 'सकाळी, नको दुपारी'. गोळी रिकाम्या पोटी गेली आणि मामंजींना दिवसभर गरगरत होतं. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. सासूबाई बिचाऱ्या स्वतःलाच दोष देत राहिल्या. चूक माझी होती, लाल पेन चालवणारीची!

तेव्हापासून माझ्यापुरता मी एक नियम केलाय. जे चिन्ह काढल्याने वाचणाऱ्याचं काही अडत नाही, त्यासाठी मुलांना रडवायचं नाही. जे काढल्याने अर्थ फिरतो, ते मात्र सोडायचं नाही. मुलांचा अभ्यास घेताना आधी मराठीतच विचारा, "डबा एकाचा की अनेकांचा?" एकाचा असेल तर चिन्ह 'एस'च्या आधी, अनेकांचा असेल आणि शब्द 'एस'ने संपत असेल, तर नंतर. एवढं पुरतं.

त्या मुलीचा अर्धा गुण मी परत दिला नाही. पण वहीत नुसती लाल रेघ न ठेवता खाली लिहिलं, 'एकाचा की अनेकांचा?' दुसऱ्या दिवशी तिने आपणहून चिन्ह योग्य जागी नेलं.

आणि हो, औषधाची चिठ्ठी लिहिलीत, तर घराबाहेर पडण्याआधी ती एकदा मोठ्याने वाचा.